घटातली मटकी

घट बसला त्या सकाळी मामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझे सासरे टोपी काढायचे ते दोनच कारणांनी, एक तर अंघोळीला आणि नाही तर काही महत्त्वाचं बोलायला. अंघोळ मघाशीच झाली होती, म्हणून आम्ही ऐकायला सरसावून बसलो.

"यंदा घटालाच विचारायचं," मामा म्हणाले. "घट दणक्यात उगवला, तर मी शाळू पेरणार अन् हितंच ऱ्हाणार. न्हाई उगवला, तर रान वाट्यानं देणार अन् दोगं बी चिंचवडला जाणार. आता ह्यावर कुणी बोलायचं न्हाई."

कुणी बोलणार म्हणजे कोण? घरात आम्ही तिघीच होतो. माझ्या सासूबाई हौसाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, मी, आणि माझ्या मांडीवर बसून पायातले पैंजण वाजवणारी सहा वर्षांची मनू. आमचे हे चिंचवडला कारखान्यात कामाला. मी मनूला घेऊन नवरात्रासाठी पुढे आले होते, त्यांना रजा मिळणार होती ती थेट दसऱ्याला. गणपतीत येऊन त्यांनी आईवडिलांना शहरात नेण्यावरून मामांशी भांडण केलं होतं, आणि त्या भांडणाचा निकाल मामांनी आता परस्पर देवीच्या पदरात टाकला होता.

माणदेशातलं आमचं कुरणवाडी हे गाव तसं कोरडं. पण त्या गावातही मामांचा घट प्रसिद्ध होता. नऊ दिवसांत असा काही तरारायचा की शेजारपाजारच्या बायका मुद्दाम बघायला येत. पिवळेजर्द, बोटभर उंच गव्हाचे कोंब. ते बघून मामा रब्बीचा अंदाज सांगायचे. त्यामुळे घटाला विचारतो म्हणणं म्हणजे मी जात नाही असं म्हणणंच होतं. फक्त ते देवीच्या तोंडून आलेलं बरं, एवढाच त्यांचा हिशेब.

आत्यांनी चाळलेली काळी माती पत्रावळीवर पसरली. ओच्यातून गहू काढून पेरले. आमच्या घरी घटात फक्त गहू, दुसरं धान्य चालत नाही, आणि ते पेरायचा मान घरच्या बाईचा. वर मातीचा थर दिला, मधोमध पाण्याचं मडकं ठेवलं, त्यावर पानं आणि नारळ. दिवा लावला. आपल्या पुढच्या आयुष्याचा निकाल त्या पत्रावळीत पडलाय हे नुकतंच ऐकलेली बाई, पण चेहऱ्यावर काही नाही. हात झटकून त्या चुलीकडे गेल्या.

खरं सांगायचं तर घट उगवावा असं मलाही मनापासून वाटत होतं. चिंचवडला आमच्या दोन खोल्या. मामा मागे एकदा दोन दिवसांसाठी आले होते, तेवढ्यात त्यांनी सोसायटीच्या वॉचमनला बागेतलं गवत कापून म्हशीला घालायला सांगितलं, आणि म्हैस नाही म्हटल्यावर एवढं गवत असून म्हैस कशी नाही म्हणून त्याला झापलं. माणूस सोन्यासारखा, पण त्यांना रानच लागायचं. दोन खोल्यांत ते मावणार नव्हते आणि ते असताना आम्हीही मावलो नसतो.

ते नवरात्र मात्र मला अजून आठवतं ते त्या रानामुळे. आश्विनातली उन्हं नुसती लख्ख. बाजरी कापायला आलेली, बांधावर कारळा पिवळाधमक फुललेला, त्याच्या मधे मधे कुरडूचे गुलाबी तुरे. गवत मनूच्या डोक्याएवढं. सकाळी त्यातून चाललं की परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा आणि मनू मुद्दाम सगळ्यात दाट गवतातून चालायची. घटावर रोज तरवडाच्या फुलांची माळ चढवायची, त्यासाठी आम्ही तिघी उजाडताच माळावर जायचो. मामा दिव्यापाशी बसायचे, कारण घट बसला की दिवा एकटा सोडायचा नाही.

आत्यांना नऊ दिवसांचे उपास. मामांचे उठता-बसता, म्हणजे पहिल्या दिवशी आणि शेवटच्या. मधले दिवस त्यांना आणि मनूला भाकरी-उसळ लागायची. म्हणून मी मटकी भिजवून, फडक्यात बांधून चुलीशेजारच्या खुंटीला टांगून ठेवायची. शहरात दोन दिवसांत येतात तेवढे मोड तिथे एका दिवसात यायचे.

तिसऱ्या माळेला एरवी गव्हाची पांढरी टोकं दिसायला लागतात. त्या वर्षी दिसली नाहीत. मामांनी दिवसभरात घटाजवळ इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी मनूने त्यांना विचारलं, आबा, तुमचं काही हरवलंय का? चौथी माळ चढली, तरी माती तशीच काळी, सपाट. मामा जेवले नाहीत. अंगणात बसून गावातल्या विहिरींच्या पाण्याविषयी, यंदाच्या हवेविषयी आणि पंचांग छापणाऱ्यांच्या अकलेविषयी ते बराच वेळ बोलले. ऐकायला कोणी नव्हतं.

पाचव्या माळेच्या सकाळी तरवड तोडता तोडता मी आत्यांची समजूत घालायला गेले. म्हटलं, आत्या, काळजी करू नका. माती थंड आहे, उशीर होतोय एवढंच. उगवेल.

"न्हाई उगवायचं," आत्या म्हणाल्या.

मी म्हटलं, असं कसं म्हणता.

"भाजल्यालं गहू कुठं उगवत्यात व्हय, पोरी?"

त्यांनी फुलांची फांदी वाकवली आणि माझ्याकडे न बघता फुलं खुडत राहिल्या. माझ्या हातातली परडी मात्र कलंडली. घट बसायच्या आधी घरात खमंग वास आला होता खरा. मला वाटलं होतं मनूसाठी काही भाजताहेत.

"आत्या, देवीच्या घटात?"

"तिला सांगून केलंय. आदी हात जोडलं, मग तवा ठेवला. ती बी बाईच हाय. तिला कळतंय."

माझा विश्वास बसेना. या बाईला मी लग्न होऊन आल्यापासून कशाला नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला चिंचवडला यायचंय? तुम्हाला? आत्या बांधावर टेकल्या. मनू पुढे फुलपाखरामागे धावत होती, तिच्यावर नजर ठेवून त्या सावकाश बोलल्या. मनूच्या जन्माच्या वेळी त्या आमच्याकडे आल्या होत्या. महिनाभर राहायचं ठरलं होतं. आठवडाही झाला नव्हता तोच मामांचा निरोप आला, म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, ये. त्या आल्या तशा परत गेल्या. त्या आठवड्यात त्यांना आमची गॅलरी फार आवडली होती.

"तुमच्या त्या गॅलरीत बसायचंय मला," त्या म्हणाल्या. "खाली कोण येतंय, कोण जातंय, नुसतं बघायचं. कुणी च्या आणून दिला तर प्यायचा. ग्वाड असंल, फिक्का असंल, मला काय न्हाई. एवढंच."

"मग मामांना सरळ सांगायचं ना."

"त्यांनी मला इचारलं का? घटाला इचारलं." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मग म्या बी घटातनंच सांगितलं. अन् यंदा म्हैस आटलीय. दूध काढायचं न्हाई. असा वकुत पुन्यांदा कवा येतोय?"

मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. मी माझ्या दोन खोल्यांचा हिशेब करत बसले होते, आणि इथे या बाईने एवढंसं काही मागायला देवीपुढे तवा चढवला होता. मी त्यांना म्हटलं, मी कुणाला काही बोलणार नाही. त्या म्हणाल्या, बोलायचं कशाला, बोलणार हाय ते घटच बोलतोय.

घरी परतलो तर मामा दिव्यापाशी मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. एवढ्या भक्तिभावाने बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही आल्याचं कळल्यावर त्यांनी डोळे उघडले, हात धोतराच्या सोग्याखाली घेतले आणि स्वतःहून विचारलं, फुलं मिळाली का? लगेच म्हणाले, आज मला उसळ नको, पोट जड आहे. मी आत जाऊन पाहिलं तर खुंटीवरचं फडकं अर्धं रिकामं होतं. मनूने मोड खाल्ले असतील, पोट दुखेल आता, म्हणून मी तिला चांगली दटावली. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मामा तिला तडक खांद्यावर बसवून सीताफळं काढायला घेऊन गेले आणि आल्यावरही मला तिला एक शब्द बोलू देईनात. नातीची एवढी बाजू घ्यायची काय गरज होती, ते मला दोन दिवसांनी कळलं.

सातव्या माळेला घट उगवला.

उगवला म्हणजे कसा, तर दाटीवाटीने. लालसर देठ, माना खाली घातलेल्या, आणि त्या मानांमधून उलगडणारी दोन-दोन पानं. शहरात वाढलेल्या मलाही गहू आणि मटकी यांतला फरक कळतो. आत्या माळ हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. खाली वाकल्या. नीट बघितलं. मग त्यांनी मामांकडे बघितलं. मामा आढ्याकडे बघत होते. आढ्याला एक जुनं घागरीचं शिंकं लटकत होतं, ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्यासारखं निरखलं.

"आई," मनूने विचारलं, "देवीला उसळ आवडते का गं?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या शेवंताक्का आल्या. त्या रोज यायच्या आणि आमच्या घटाची माती बघून, स्वतःच्या घटाची उंची सांगून जायच्या. आज त्यांनी नाकावर बोट ठेवलं. अगं बया, म्हणाल्या, गव्हाला असलं पान कधी पाहिलं नव्हतं.

आता आत्या काय बोलतात, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. एका शब्दात त्यांना मामांचं पितळ उघडं पाडता आलं असतं. मामांनीही आढ्यावरची नजर खाली आणली.

"नवीन बेणं हाय," आत्या शांतपणे म्हणाल्या. "चिंचवडवरनं सूनबाईनं आणलंय. तिकडं असलंच निघालंय आता."

शेवंताक्का माझ्याकडे आदराने बघत राहिल्या आणि जाताना मूठभर बियाणं राखून ठेवायला सांगून गेल्या. पुढची कैक वर्षं त्या मला त्या गव्हाबद्दल विचारायच्या.

त्या गेल्यावर मामा खाकरले. टोपी डोक्यावरच होती, तरी बोलले. उगवलंय म्हटल्यावर आता पेरायचं. आत्यांनी बरं म्हटलं आणि माळ चढवली. पुढचे दोन दिवस दोघांत भांडण नव्हतं, अबोला नव्हता, नुसती रीत होती. पाणी देऊ का? दे. वाढू का? वाढ. म्हातारा-म्हातारी इतक्या अदबीने वागत होती की घरात पाहुणे आल्यासारखं वाटत होतं. मामा पेरणीची पाभर दुरुस्त करायला बसायचे आणि दोन ठोके मारून उठायचे. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

दसऱ्याच्या पहाटे आमचे हे आले. सकाळी घट उठवायचा होता. मामांनी देवीला नमस्कार केला, नारळ-मडकं बाजूला ठेवलं आणि कोंब मुठीत धरून उपटले. ते टोपीत खोवायचे असतात. मटकीची मुळं लांब. सगळी माती एका ढेपेत वर आली, मामांच्या हातून निसटली आणि जमिनीवर फुटली. त्यातून तांबूस-काळे गहू सारवलेल्या भुईवर टपाटप पसरले.

ह्यांनी एक दाणा उचलून उन्हात धरला. आई, म्हणाले, हे गहू भाजलेले आहेत. मग कोंबांकडे बघून म्हणाले, आणि ही तर मटकी आहे. मग आळीपाळीने आमच्या सगळ्यांकडे बघायला लागले. बिचारे रात्रभर एसटीतून प्रवास करून आले होते.

आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. पण खाली बघितलं नाही.

"मला ठावं हाय," मामा म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "मटकी पेराय माती उकरली, तवाच बोटाला लागलं. एक दाणा तोंडात टाकला. भाजल्याली चव लागली."

"मग तवाच का बोलला न्हाई?" आत्यांनी विचारलं.

"काय बोलू? उभ्या जल्मात तू काय मागितलं न्हाईस. अन् मागितलंस ते देवीच्या आडून."

"तुमी कुठं समोरनं इचारलं?"

बाहेर कुणाच्या तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज येऊन गेला. ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्यांचा हात दाबला. मामांनी भुईवरचे गहू एकेक करून तळहातावर गोळा केले. सगळे गोळा झाले, तरी ते भुईवर बोट फिरवतच होते.

"जायाचंय तुला?" त्यांनी खाली मान घालूनच विचारलं.

"व्हय."

इतका आखूड शब्द, पण तो बाहेर पडायला त्या बाईचं अख्खं आयुष्य लागलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यांच्या आलं नाही.

"किती दिस?"

"म्हैस व्येईपातूर."

मामांनी मनातल्या मनात महिने मोजले असावेत. म्हैस गाभण होती, म्हणजे संक्रांत उलटणार होती. "अन् मी?" त्यांनी विचारलं.

"तुमी पेरा की. घटात उगवलंय न्हवं?"

मामा हसले. आधी नुसत्या मिशा हलल्या, मग पोट हलायला लागलं, मग ठसका लागला, आणि आत्या पाणी आणायला धावल्या. आणून दिलं आणि पाठीवर हात फिरवत त्याही हसायला लागल्या. ह्यांना त्यांतलं काहीच कळलं नव्हतं. दोघांनाही न्यायचं म्हणून त्यांनी एक खोली रिकामी केली होती, पलंग आणला होता. आता एकटी आई येणार आणि बाप रानात राहणार, हे कुठल्या भांडणातून निघालं, असं ते मला दिवसभर विचारत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही कधी आईंना विचारलं नव्हतं, दोघांना नेतो असंच म्हणत होता. त्यावर ते उठले आणि मामांबरोबर आपटा आणायला गेले.

मटकीचे ते कोंब मामांनी टोपीत खोवले आणि शिलंगणाला अख्ख्या गावातून मिरवले. शेवंताक्कांच्या घरासमोरून तर दोनदा गेले.

दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळी आम्ही फाट्याकडे निघालो. आत्यांची वळकटी मामांच्या डोक्यावर होती, दुसऱ्या कुणाला ते घेऊ देईनात. गवतावर दव होतं, मनू दाट गवतातून चालत होती. रस्ताभर मामा पेरणीबद्दल बोलत होते. कुठल्या पट्टीत आधी, कुठल्या नंतर, रानात ओल किती, वापसा कसा आहे. आत्या हूं हूं करत होत्या. पण त्यांचं लक्ष पुढे रस्त्यावर होतं, गाडी येते का तिकडे. त्या अंगावरचं नवं लुगडं सारखं नीट करत होत्या, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की त्या मामांच्या पुढे चालत होत्या.

एसटी आली. ह्यांनी सामान चढवलं. आत्यांनी खिडकीची जागा धरली, मनूला मांडीवर घेतलं. मी त्यांच्या पुढच्या बाकावर बसले. मामा खाली, माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. पाऊसपाणी, बाजार, माझ्या माहेरची खुशाली असं काय काय बोलले. कंडक्टरने दार लावलं, तेव्हा मामांनी खिडकीची दांडी घट्ट धरली आणि घाईघाईने, जरा आवाज उतरवून मला विचारलं,

"सूनबाई, भाकरीच्या पिठात पाणी ऊन घालायचं का गार?"

मी उत्तर देणार, इतक्यात मागच्या खिडकीतून आत्यांचा आवाज आला.

"मला इचारा."

मामांनी माझ्या खिडकीची दांडी सोडली. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली. मामा धोतराचा सोगा हातात धरून गाडीबरोबर चालायला लागले, आणि त्यांनी मागच्या खिडकीकडे तोंड वर करून पुन्हा विचारलं.